चाल : नेहमीची

आमच्या गावात आभारांची कधी टंचाई नसते. जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी 'जेवणाबद्दल आभार'. महिन्याभराने तोच माणूस रस्त्यात भेटला की 'मागच्या वेळेबद्दल आभार', मग मागच्या वेळी कॉफी जळकी असो नाहीतर केक करपलेला. चौतीस वर्षं मी या व्हेस्टरबीत सायकलवरून टपाल वाटलं. विजेचं बिल हातात ठेवलं तरी लोक म्हणायचे, आभारी आहे हं थीरा. आणि ज्याचे खरंच आभार मानायला हवे होते त्याचे मी नऊ वर्षं मानले नाहीत. तो माणूस माझ्या समोरच राहतो. माझ्या दारापासून त्याच्या दारापर्यंत बावीस पावलं आहेत. मी मोजली आहेत. तीही न चालता, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून.

त्याचं नाव मर्विन हॉलम. इंग्रज. तिकडे तो चौघांच्या एका बँडमध्ये होता. गाणी हा लिहायचा, गायचे दुसरेच, आणि शेवटी भांडणंही दुसऱ्यांनीच केली. मग हा तिकडच्या हारविच बंदरातून बोटीत बसून इकडे आला, आमच्या लिस्बेटसाठी. लिस्बेट गावची गुरांची डॉक्टर, ह्याच मातीतली पोर. तेव्हापासून मर्विन एकट्याने गातो. सहा रेकॉर्ड काढल्या त्याने. वर्षातून दोनदा जुन्या गाडीत गिटार टाकून तो जर्मनी, हॉलंडकडे निघायचा आणि लहान लहान हॉलमधून गाऊन तीन आठवड्यांनी परतायचा. रेकॉर्डांची खोकी माझ्याच हातून जायची-यायची, म्हणून मला ठाऊक आहे: जायची कमी आणि परत यायची जास्त.

गावात त्याच्या गाण्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. गाणी आवडत नव्हती असं मुळीच नाही. पण कुणाला तोंडावर चांगलं म्हटलं की त्याचं डोकं फिरतं, अशी आमची पक्की समजूत. आणि डोकं फिरलेला शेजारी हवाय कुणाला? म्हणून लोक त्याच्या गाडीची चौकशी करत, छपराची करत, त्याच्या परसातल्या कांद्याच्या पातीची करत. एब्बे म्हणजे आमच्या गावच्या सभागृहाचा अध्यक्ष, डुकरं पाळतो, जिभेला हाड नाही. तो दुकानात मर्विनला गाठून विचारायचा, "काय रे, अजून वाजवतोस का?" दुखऱ्या गुडघ्याची विचारपूस करावी त्या सुरात. एब्बेच्या दृष्टीने ते कौतुकच होतं. मर्विनला हे कोण सांगणार?

गेल्या मे महिन्यात मर्विन माझा केकचा डबा परत द्यायला आला. जूनच्या वीस तारखेला त्याच्या आणि लिस्बेटच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती, त्याच्याच तयारीत मी होते. तो टेबलाशी बसला आणि मी ओतलेल्या कॉफीकडे बघत राहिला.

"नवी रेकॉर्ड झाली तयार," तो म्हणाला. "नऊ गाणी."

"बरं झालं," मी म्हटलं. कौतुकात आमच्याकडे यापुढे जात नाहीत.

"ती काढायला हॅम्बुर्गचा हार्टविग वाट बघतोय. पण मी त्याला पत्र लिहिणार आहे. लग्नाचा वाढदिवस एकदा होऊ दे, मग लिहितो. काढू नको म्हणून."

"काढू नको?"

"ही नको आणि पुढचीही नको. गिटार विकतो. गोठा रिकामा करतो. लिस्बेटला तिथं कोंबड्या पाळायच्यात."

गोठा म्हणजे त्याच्या घराला लागून असलेला वासरांचा जुना गोठा. त्याची गाण्याची खोली तीच.

"कोंबड्या?" मी म्हटलं.

"कोंबड्या निदान अंडी तरी देतात, थीरा."

मी हसले. तो हसला नाही.

"तुला एक सांगू? मला तुझा हेवा वाटतो."

"माझा? अरे, मी टपालवाली बाई."

"तू गाणी लिहितेस. सत्तर माणसं तुझा कागद हातात धरून गातात. मीही त्यात बसलेला असतो, बटाटे खात. आणि मी पंचवीस वर्षं इथं राहतोय, माझी एक ओळ कुणाला गुणगुणताना ऐकली नाही. एक ओळ! जर्मनीत टाळ्या मिळतात, नाही असं नाही. पण मी जर्मनीत राहत नाही ना. जिथं राहतो तिथं जे कुणाच्या तोंडी बसत नाही ते गाणं कसलं? ती बंद खोलीतली बडबड."

माझे कान तापले. कारण चोराच्या मनात चांदणं.

मी गाणी लिहिते, पण ती आमच्या पद्धतीची. कुणाची साठी, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचा नव्वदावा वाढदिवस असला की घरचे लोक माझ्याकडे येतात. 'आजीने एकदा ट्रॅक्टर तळ्यात घातला होता, ते घाल,' असं सांगून जातात. मी यमकं जुळवते. चाल मात्र सगळ्यांच्या ओळखीचीच लागते, कारण जेवायला बसलेल्या माणसांना कागद आयत्या वेळी मिळतो. म्हणून प्रत्येक कागदाच्या माथ्यावर एक ओळ असते: चाल अमुक, चाल तमुक. आणि गेली नऊ वर्षं माझ्या एक्केचाळीस कागदांवर छापलं होतं, 'चाल : नेहमीची'. ती चाल मर्विनची होती.

हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. टेबलाच्या पलीकडे तर बसला होता. मी म्हटलं, "अजून कॉफी?"

"नको, आभार," तो म्हणाला. "केकबद्दलही आभार." आणि गेला.

मी डबा घासून ठेवला, मग पुन्हा काढून पुन्हा घासला.

आक्सेलबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आक्सेल माझा नवरा. होड्या बांधायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याला पोटाचा आजार झाला आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणला. समोर मर्विनचा गोठा. त्यातली लोखंडी शेगडी भयंकर धुरकटते, म्हणून मर्विन भर फेब्रुवारीतही खिडकी सताड उघडी टाकून बसायचा. त्या वर्षी तो एकाच गाण्यामागे लागला होता, हारविचच्या बोटीवरच्या. सकाळी तेच, दुपारी तेच. आक्सेल स्वभावाने किरकिऱ्या. सूप खारट, उशी टणक, पाद्री बोलघेवडा. पण ते गाणं सुरू झालं की गप्प. डोळे मिटून ऐकायचा, आणि वेदनेची गोळी मागायचा विसरून जायचा. दोन महिने त्या माणसाने माझ्या नवऱ्याची दुपार हलकी केली आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता.

"चाल झक्क आहे," आक्सेल एकदा म्हणाला. "पण तिसऱ्या ओळीत तो उगीच वर चढतो बघ. तिथं पोचायला शिडी लागते." आणि स्वतः गुणगुणून तिसरी ओळ त्याने खाली आणली, साधी, कुणालाही झेपेल अशी. मग म्हणाला, "माझ्या साठीचं गाणं या चालीवर कर."

"अरे, ती त्याची आहे."

"मग विचार त्याला. समोर तर आहे."

मी विचारलं नाही. एप्रिलमध्ये मर्विन हॉलंडला गेला होता, त्याच आठवड्यात आक्सेलची साठी झाली. त्याला खुर्चीसकट उचलून सभागृहात नेलं. कागदावर चालीचं नाव काय घालावं सुचेना, मर्विनचं नाव घालायचा धीर होईना, म्हणून 'नेहमीची' असं ठोकून दिलं. लोकांना चाल कळावी म्हणून पहिलं कडवं मी एकटीने म्हटलं. दुसऱ्या कडव्याला सत्तर माणसं गात होती, तिसरी ओळ आक्सेलच्या पद्धतीने. आक्सेल त्या दिवशी फार खूश होता. त्याला इतका खूश मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मर्विन परतला. आक्सेलचं दुखणं वाढलंय हे त्याला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्याची खिडकी बंद झाली. आठवडाभर काचेआडून काहीतरी पुसट ऐकू आलं, मग तेही थांबलं.

"का थांबला?" आक्सेल विचारायचा.

"विश्रांती घेत असेल."

"जाऊन विचार ना."

अकरा दिवस तो विचारत होता. अकरा दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून पावलं मोजली. म्हणायचं काय? माझा नवरा मरतोय, जरा येऊन गा? आमच्याकडे कुणी कुणाच्या दारात जाऊन असं मागत नाही. माणसाला कामं असतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. माझ्या भिडेने माझ्या मरत्या माणसाला भिकेला लावलं. बाराव्या दिवशी आक्सेल गेला. खोलीत घड्याळाशिवाय कसलाही आवाज नव्हता.

त्यानंतर लोक ती चाल मागायला लागले. "थीरा, ते आक्सेलचं कर." एब्बेच्या आईचा नव्वदावा, शाळेचा निरोप समारंभ, फुटबॉल क्लबाची पन्नाशी. मर्विन गावात असला की मी जुनीच एखादी चाल घ्यायची. तो जर्मनीला गेला की नेहमीची. चाल कुणाची हे गोठ्याच्या उघड्या खिडकीवरून गेलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण अख्खं गाव ते पाळत होतं. तो दुकानात शिरला की शीळ घालणारा थांबायचा. चाल चोरल्याचा आळ येऊ नये, ह्या काळजीने आम्ही एका माणसापासून त्याचीच चीज लपवत होतो. आणि तो माणूस त्या शांततेत उभा राहून पाव विकत घ्यायचा आणि मनात म्हणायचा, माझी एक ओळ कुणाच्या तोंडी नाही.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं सगळा माल खपला होता, फक्त पिकवणाऱ्याला कुणी कळवलं नव्हतं.

तो डबा देऊन गेला त्या आठवड्यात मला झोप आली नाही. मर्विन दुसऱ्यांदा गप्प होणार होता. या वेळी कायमचा. पहिल्या वेळी मी रस्ता ओलांडला नव्हता.

रौप्य वाढदिवसाला आमच्याकडे शेजारी आदल्या संध्याकाळी दाराभोवती कमान बांधतात, ख्रिसमसला आणतो त्याच झाडाच्या हिरव्या फांद्यांची, वर चंदेरी कागदाचा आकडा. आणि सकाळी सात वाजता सगळे दाराशी जमून गातात. नवराबायकोने झोपेतून उठल्याचं सोंग करत बाहेर यायचं असतं. फांद्या छाटायला आम्ही एब्बेच्या कोठारात जमलो तेव्हा मी त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. त्याने माथ्यावरची ओळ वाचली आणि कात्री खाली ठेवली.

"थीरा, तुझी चूक झालीय. मर्विन असणार आहे तिथं. त्याचंच लग्न आहे."

"माहितीय मला."

"अगं, मग 'नेहमीची' कशी?"

"नेहमीचीच."

"वकील आणेल तो! इंग्रज माणूस. त्यांच्याकडे गाण्याचे वकील असतात."

"पंचवीस वर्षं तुझ्या डुकरांचा वास खातोय तो. वकील आणायचा असता तर तेव्हाच आणला असता."

बाकीचे हसले. एब्बे नाही हसला. "आणि चिडला तर?"

"चिडला तर माझ्यावर चिडेल. एब्बे, तो गाणं सोडतोय. गोठ्यात कोंबड्या ठेवणार आहे."

एकाने हातातली फांदी खाली ठेवली. मग एब्बे म्हणाला, "कोंबड्या? त्या गोठ्यात? तिथं वारा किती लागतो." ही त्याची संमती होती. त्याने कात्री उचलली.

वीस तारखेला सात वाजता खाडीवर धुकं होतं आणि एब्बेने झेंडा आधीच चढवला होता. कमान छान झाली होती, आकडा थोडा वाकडा. पन्नास-साठ माणसं गोळा झाली, दोघं शिंगं घेऊन. एब्बेने शिंग फुंकलं, दार उघडलं. लिस्बेट रात्रीच्या झग्यात, मागे मर्विन, लिस्बेटचाच फुलाफुलांचा गाऊन घालून.

आणि आम्ही सुरू केलं:

हारविचहून आली बोट, धुक्यात शिटी वाजे,
उतरला एक इंग्रज, त्याचे ओले होते मोजे.
लिस्बेट तेव्हा गोठ्यात होती, हात गायीच्या पोटी,
म्हणाली, "आधी वासरू सुटू दे, मग गाठीभेटी!"

पहिल्या ओळीला मर्विन हसत होता, अशा वेळी सगळे हसतात तसं. दुसऱ्या ओळीत त्याचं हसू थांबलं. तिसरी ओळ आली, जिथं तो वर चढतो तिथं अख्खं गाव शांतपणे खाली उतरलं, आणि त्याने हात लांब करून कमान धरली. फांदीतून हिरव्या सुया गळून त्याच्या पायांवर पडल्या. आम्ही पाचही कडवी गायलो. कुणी कागदात बघत नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते, म्हणून शब्द जागोजाग चुकले. चाल चुकली नाही.

गाणं संपलं की तीनदा हुर्रे म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही. मर्विन वळला आणि आत गेला. दार लागलं.

"वकील," एब्बे पुटपुटला.

तेवढ्यात दार उघडलं. मर्विन चष्मा घेऊन आला होता. त्याने सर्वांत पुढच्या बाईच्या हातातून कागद घेतला आणि माथ्यावरची ओळ बोट ठेवून वाचली.

"चाल, नेहमीची," तो म्हणाला. "नेहमीची?"

मी पुढे झाले. "नऊ वर्षं झाली, मर्विन. एक्केचाळीस गाणी. चोरी माझी आहे, ह्यांची कुणाची नाही."

"आमचीही आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "माझ्या आईच्या नव्वदाव्याला मीच सांगितलं होतं," एब्बे म्हणाला. "आणि फुटबॉलच्या वेळीही. आणि पोरं ती शाळेच्या बसमध्ये म्हणतात, त्याला मात्र मी जबाबदार नाही."

मर्विन बायकोकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"होतं की," लिस्बेट म्हणाली.

"नऊ वर्षं?"

"तू कधी विचारलंच नाहीस."

फुलाफुलांच्या गाऊनमध्ये उभं राहून त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला. मग सावकाश म्हणाला, "तिसरी ओळ तुम्ही चुकीची गाता."

मी आणखी एक पाऊल पुढे झाले.

"ती आक्सेलने खाली आणली," मी म्हटलं. "म्हणाला, तिथं पोचायला शिडी लागते."

"आक्सेलने?"

"त्याच्या साठीला गायलो पहिल्यांदा. तू हॉलंडला होतास."

मर्विनने चष्मा काढला, गाऊनच्या बाहीने पुसला, पुन्हा घातला. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहत होते. "पुन्हा गा," तो म्हणाला.

आम्ही पुन्हा गायलो आणि या वेळी तो आमच्यात गात होता. पहिल्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला तो सवयीने एकटाच वर गेला. दुसऱ्या कडव्याला आमच्याबरोबर खाली आला. मग आम्ही हुर्रे म्हटलं, तीनच्या जागी किती वेळा कुणास ठाऊक, आणि एब्बेची कुत्री भुंकत सुटली.

आत पाव, चीज, कॉफी आणि सकाळच्या कडू दारूचे पेले होते. सगळे एकदम बोलत होते. मी कप घेऊन गोठ्यात गेले, कारण मर्विन तिकडे जाताना दिसला. तो खिडकीपाशी उभा होता. तिथून माझी पुढची खोली स्वच्छ दिसते. मला हे माहीत नव्हतं.

"इथून त्याचा पलंग दिसायचा," तो म्हणाला. "हॉलंडहून आलो आणि पाहिलं, तो फार वाळला होता. मला लाज वाटली. माणूस तिथं मरतोय आणि मी इथं एकच ओळ दिवसातून चाळीस वेळा घासतोय. म्हणून खिडकी लावली. आठवडाभर धूर खाल्ला. मग वाटलं, काचेतूनही जात असेल आवाज, तेव्हा गिटारच पेटीत ठेवली."

"मर्विन," मी म्हटलं, "तो तुझी वाट बघत होता. अकरा दिवस विचारत होता, का थांबला म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी तुला सांगायला आले नाही. तेवढा एक रस्ता ओलांडायचा होता मला. मला लाज वाटली, दुसऱ्याच्या कामात कसं जायचं म्हणून. ही माझी चूक आहे, तुझी नाही. पण त्याआधीचे दोन महिने, ते तू त्याला दिलेस. दुपारी तुझं सुरू झालं की तो गोळी मागायचा नाही. नऊ वर्षं मी तुला कॉफीचे आभार म्हणाले, केकच्या डब्याचे आभार म्हणाले. त्या दोन महिन्यांचे आभार मानले नाहीत. ते आज मानते."

मला वाटलं होतं हे बोलताना मी कोसळेन. उलट, ओझ्याची टपालपिशवी खांद्यावरून उतरवावी तसं वाटलं.

मर्विन पुन्हा खिडकीकडे वळला. मग त्याने खिडकीची कडी काढली. ती गंजली होती, दोनदा हिसडावी लागली. खिडकी उघडल्यावर तो माझ्या पुढच्या खोलीकडे बघत म्हणाला, "तिसऱ्या ओळीबद्दल आभार, आक्सेल." आणि मग मात्र मी रडले, कप हातात धरून, कॉफी सगळी बुटांवर सांडवत.

हार्टविगला पत्र गेलं, पण वेगळं: दोन आठवडे थांब, दहावं गाणं येतंय. ते एका मंगळवारी सभागृहात रेकॉर्ड केलं. त्रेसष्ट माणसं आली. मर्विनने इंग्रजी शब्द बाजूला ठेवून माझ्याकडून आमच्या भाषेत नवे मागितले, आणि मी लिहिले, वाढदिवस-लग्न कुणाचंच नाही, नुसतं बोटीचं आणि वाट बघण्याचं. हार्टविग स्वतः यंत्रं घेऊन आला होता. तो म्हणाला, मधेच कुणीतरी खोकतंय, पुन्हा घेऊ. मर्विन म्हणाला, राहू दे, तो अध्यक्ष आहे.

रेकॉर्ड ऑक्टोबरात आली. जगात तिने काय दिवे लावले मला माहीत नाही. मी आता टपाल वाटत नाही. आमच्या गावात एकशेबारा घरं आहेत आणि एब्बेच्या हिशेबाने चौऱ्याण्णव घरांत ती आहे. मर्विनला मात्र कुणी काही म्हटलं नाही. एब्बे दुकानात त्याला एवढंच बोलला, "ऐकली. माझा खोकला बरा आलाय." मर्विन हसत हसत घरी गेला, लिस्बेट सांगत होती. आता त्याला आमची भाषा येते. आणि तो दुकानात शिरला तरी शीळ घालणारे थांबत नाहीत.

कोंबड्या एब्बेच्या कोठारामागे आहेत. गोठ्याची खिडकी भर थंडीतही उघडी असते आणि लिस्बेट रोज ओरडते की आपण खाडीला ऊब देतोय का.

माझी प्रत मर्विन स्वतः देऊन गेला. तो गेल्यावर मी पुढच्या खोलीत बसून पाकिटाची मागची बाजू वाचली. नऊ गाण्यांखाली त्याचं एकट्याचं नाव होतं. दहाव्याखाली लिहिलं होतं: शब्द थीरा. चाल नेहमीची. तिसरी ओळ आक्सेल.

मी अंगात कोट चढवला आणि आभार मानायला निघाले, लगेच, कॉफी निवायच्या आत. चालता चालता पावलं मोजली. चोवीस भरली. इतकी वर्षं खिडकीतून मोजत होते, दोन कमीच धरली होती.